योबेल वर्ष, कर्ण्यांचा सण आणि आईने शेजारी दिलेली किल्ली

सीनाकाठ | ५ ऑक्टोबर २०२५, रात्री १०.४०

२२ सप्टेंबरला संध्याकाळी माझ्या आईने घराची जादा किल्ली शेजारच्या काकूंकडे नेऊन दिली. "आम्ही कदाचित नसू, कढीपत्त्याला एक दिवसाआड पाणी घाला," एवढंच म्हणाली. काकूंना वाटलं, पुण्याला माझ्याकडे निघाली असेल. रात्री त्यांचा मला फोन, "पोचल्या का गं?"

आई नगरची. चौथ्या पिढीची ख्रिस्ती, निवृत्त शिक्षिका, विषय गणित. प्रार्थनागटाच्या व्हॉट्सॲपवर महिनाभर व्हिडिओ फिरत होते. दक्षिण आफ्रिकेतल्या एका गृहस्थाला म्हणे दर्शनात तारीख मिळाली होती: २३-२४ सप्टेंबर, यहुद्यांचा कर्ण्यांचा सण, त्याच दिवशी मंडळी, म्हणजे विश्वास ठेवणारे ख्रिस्ती लोक, वर स्वर्गात उचलली जाणार. २५ तारखेला सकाळी आई किल्ली परत घेऊन आली. काकूंनी काही विचारलं नाही, आईने काही सांगितलं नाही. कढीपत्ता ठीक आहे.

मला यावर हसायचं नाहीये. हसायचं असेल त्यांनी दुसरा धागा काढा. मला समजून घ्यायचंय, कारण गटावर आता पुढचा व्हिडिओ आलाय: तारीख चुकली कारण योबेल वर्ष, म्हणजे बायबलमधलं दर पन्नासावं वर्ष, हिशेबात धरलं नव्हतं. १९१७ मध्ये बाल्फोर जाहीरनामा आणि ब्रिटिशांचा यरुशलेमेत प्रवेश, १९६७ मध्ये सहा दिवसांचं युद्ध आणि जुनं शहर इस्राएलच्या ताब्यात, २०१७ मध्ये अमेरिकेची यरुशलेमला राजधानी म्हणून मान्यता. बरोब्बर पन्नास-पन्नास वर्षं. म्हणून आता नवी तारीख २०३० नाहीतर २०३३. आईने कागद-पेन घेतलंय. जाणकारांनी लिहा, प्लीज.

उगाच आलो | रात्री ११.०२

रुमाल टाकून ठेवतो. धाग्याचा काश्मीर, म्हणजे न मिटणारं भांडण, होणार नाही अशी आशा.

सातबारा | रात्री ११.३०

माझा धर्माशी संबंध लग्नापुरता. पण बायबलमधल्या लेवीय पुस्तकाचा २५वा अध्याय एकदा जमीन कायद्याच्या नादात वाचला आणि थक्क झालो, म्हणून लिहितो. सात वर्षांतून एकदा जमीन पडीक ठेवायची. अशी सात सप्तकं झाली की पन्नासाव्या वर्षी, सातव्या महिन्याच्या दहाव्या दिवशी, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवशी, देशभर शिंग फुंकायचं. मग विकलेली जमीन मूळ घराण्याकडे परत आणि कर्जापायी गुलाम झालेला इब्री, म्हणजे यहुदी, माणूस आपल्या घरी परत. 'योबेल' हा शब्दच मेंढ्याच्या शिंगावरून आलाय.

खरी गंमत किमतीच्या कलमात आहे. पुढच्या योबेलला किती वर्षं उरलीत त्यावर जमिनीचा भाव. जास्त वर्षं असतील तर जास्त, कमी असतील तर कमी, कारण 'तो तुला पिकांची संख्या विकत आहे'. म्हणजे खरेदीखत नव्हेच, मुदतीचा भाडेपट्टा. कारण पुढे दिलंय: जमीन कायमची विकायची नाही, ती परमेश्वराची आहे, तुम्ही नुसते उपरे. तटबंदीच्या शहरातलं घर मात्र विकल्यापासून वर्षभरातच सोडवता येतं. ती मुदत गेली की गेलं, योबेल आलं तरी परत नाही. शेत आणि शहरातला फ्लॅट यांतला फरक त्यांना तेव्हाच कळला होता.

आपल्याकडे पन्नास वर्षांनी सातबारा मूळ नावावर आपोआप फिरला असता तर काय झालं असतं, ते ज्याच्या आज्याने गहाणखतावर अंगठा दिलाय त्याला विचारा. या सगळ्यात जगाच्या अंताची तारीख मला कुठेच दिसली नाही.

कर्णानाद | ६ ऑक्टोबर, सकाळी ६.१५

ताई, सलाम. मी विश्वासणारा आहे आणि ख्रिस्ताच्या द्वितीयागमनाची वाट पाहणारा आहे, म्हणून बाजू मांडतो. सण नुसते सण नाहीत. बायबलमधल्या कलस्सैकरांस पत्रात प्रेषित पौल म्हणतो तसे ते पुढे होणाऱ्या गोष्टींची छाया आहेत. वसंतातले चार सण घ्या. वल्हांडणाला, म्हणजे मिसरमधून सुटकेच्या सणाला, कोकरा मारला जायचा त्याच वेळी प्रभू वधस्तंभावर. बेखमीर भाकरीच्या सणात तो कबरेत. प्रथमफळाच्या दिवशी पुनरुत्थान. त्यानंतर पन्नासाव्या दिवशी पवित्र आत्म्याचं उतरणं. चारही त्या-त्या दिवशी. मग शरदातले तीन, कर्णे, प्रायश्चित्त आणि मांडव, रिकामे कसे राहतील? 'शेवटचा कर्णा वाजेल' हे करिंथकरांस पत्रात आहेच.

तारीख सांगणाऱ्यांशी मात्र माझं जमत नाही. 'त्या दिवसाविषयी कोणालाच ठाऊक नाही' हे प्रभूचं वाक्य आहे. मात्र काही शिक्षक म्हणतात की 'ज्याचा दिवस आणि घटका कोणाला ठाऊक नाही' हा कर्ण्यांच्या सणाचाच यहुदी वाक्प्रचार होता, कारण तो सण अमावास्येनंतरची चंद्रकोर दिसल्यावर सुरू व्हायचा. यहुदी कुणी असतील तर सांगावं.

पंचांगवाला | सकाळी ९.४८

माझा प्रांत आकाश, तेवढंच बोलतो. २०१४-१५ चे 'रक्तचंद्र' आठवतात? चार खग्रास चंद्रग्रहणं ओळीने: १५ एप्रिल २०१४, ८ ऑक्टोबर २०१४, ४ एप्रिल २०१५, २८ सप्टेंबर २०१५. चारही वल्हांडण आणि मांडवांच्या सणाला. अमेरिकेत जॉन हेगींसारख्या धर्मोपदेशकांनी यावर केवढं काहूर उठवलं होतं.

आता बघा. वल्हांडण नीसान महिन्याच्या १५ तारखेला, मांडव तिश्री महिन्याच्या १५ तारखेला. यहुदी महिना चांद्र, त्यामुळे १५ तारीख म्हणजे पौर्णिमा. चंद्रग्रहण पौर्णिमेशिवाय होत नाही, ग्रहणांचे हंगाम साधारण सहा-सहा महिन्यांनी येतात आणि हे दोन सणही सहा महिन्यांच्या अंतराने. एक ग्रहण वल्हांडणाला लागलं की पुढचं मांडवांना लागायला वेगळा चमत्कार लागत नाही. त्यांचंही पंचांग आपल्यासारखंच अधिक महिना घालून ऋतूंशी जुळवलेलं, १९ वर्षांत ७ वेळा. म्हणून त्या दोन्ही वसंतातल्या ग्रहणांना आपल्याकडे हनुमान जयंती होती! मारुतीच्या देवळातून कुणी जगबुडीची दवंडी पिटल्याचं मला आठवत नाही.

आणखी एक. चारांपैकी यरुशलेमेतून खग्रास दिसलं ते फक्त शेवटचं. मागचे दाखले देतात तेही उलटे. स्पेनमधून यहुद्यांची हकालपट्टी १४९२ ची, ग्रहणं १४९३-९४ ची. इस्राएलची स्थापना १९४८ ची, ग्रहणं १९४९-५० ची. चिन्ह घटनेच्या मागून येत असेल तर त्याला श्राद्ध म्हणतात.

उगाच आलो | सकाळी १०.०५

शेवटच्या वाक्याला दंडवत. आमच्या आजोबांकडून १९६२ च्या अष्टग्रहीचे किस्से ऐकलेत. आठ ग्रह मकरेत जमले म्हणून देशभर यज्ञ पेटले होते. सामुदायिक घाबरणं ही काही एका धर्माची मक्तेदारी नाही.

कोकणी लोदकर | दुपारी १.२० (इस्राएल वेळ)

शालोम मंडळी. मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला मराठी यहुदी, मूळ अलिबागकडचा, आता इस्राएलमध्ये लोदला. आज सूर्य मावळला की आमचा मांडवांचा सण लागेल, मग उद्या संध्याकाळपर्यंत फोन बंद. गॅलरीत मांडव उभा आहे, वर पामच्या झावळ्या. तुमच्याकडे आज कोजागिरी ना? चंद्र तोच.

कर्णानाद, तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी. तो वाक्प्रचार मी फक्त ख्रिस्ती व्हिडिओंमध्येच ऐकलाय. मिश्ना-तल्मूदात, म्हणजे आमच्या रब्बींच्या जुन्या ग्रंथांत, मला तो कुठे भेटलेला नाही. चंद्रकोर पाहणाऱ्या साक्षीदारांची वाट बघायचे हे खरं, पण ते प्रत्येक महिन्याच्या सुरुवातीला. आणि तुमच्या चार सणांतही एक गाठ आहे. योहानाच्या शुभवर्तमानात वधस्तंभ वल्हांडणाच्या आदल्या तयारीच्या दिवशी येतो, बाकीच्या तिघांत शेवटचं भोजन हेच वल्हांडणाचं भोजन. यावर तुमच्याच विद्वानांचा वाद अजून मिटलेला नाही. मग 'बरोब्बर त्याच दिवशी' म्हणताना जरा दम खावा.

आता योबेल. आमच्या आजीच्या तोंडी सणांची नावं मराठी: नव्याचा सण, खिरीचा सण, दरफाळनीचा सण म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस, त्याच्या दुसऱ्या दिवशी शिळा सण, मग बिरड्याचा सण. त्यात योबेल नाही. नुसतं आमच्याकडे नाही असं नव्हे, कुठल्याच यहुद्यांकडे ते पाळलं जात नाही. तल्मूद सांगतो की योबेल लागू होतं ते देशाचे 'सर्व रहिवासी' आपापल्या जागी असतील तेव्हाच. इस्राएलच्या बारा वंशांपैकी रऊबेन, गाद आणि अर्धा मनश्शे हे वंश देशोधडीला लागले, तेव्हाच ते थांबलं. सात वर्षांचं विसाव्याचं वर्ष, शमीटा, मात्र आजही इथे मोजतात. मागचं २०२१-२२ मध्ये झालं, पुढचं २०२८-२९ मध्ये.

थोडक्यात, ज्या घड्याळावरून सगळे अंताची वेळ सांगतायत ते आमच्या घरात दोन हजार वर्षांहून जास्त काळ बंद आहे.

निर्मळची पोर | दुपारी ४.३५

आमच्या वसईत सध्या ज्युबिली, म्हणजे योबेलचंच इंग्रजी रूप, म्हटलं की वेगळंच डोळ्यांपुढे येतं. हे २०२५ साल आमचं कॅथलिकांचं पवित्र वर्ष आहे. पोप फ्रान्सिस यांनी २४ डिसेंबर २०२४ ला रोममध्ये पवित्र दरवाजा उघडला आणि एप्रिलमध्ये ते गेले. आता नवे पोप लिओ येत्या ६ जानेवारीला तो बंद करतील. ही परंपरा १३०० साली पोप बोनिफेस आठवे यांनी सुरू केली, तेव्हा शंभर वर्षांनी एकदा. मग पन्नासवर आली, मग पंचवीसवर. म्हणजे आकडा आमच्याकडेही लवचीकच! पण इथे तीर्थयात्रा, पापक्षमा, दान यांवर भर. उलटी गिनती कुणी करत नाही.

सातबारा यांनी लिहिलेल्या मूळ अर्थाच्या सगळ्यात जवळ गेलेली गोष्ट माझ्या मते १९९० च्या दशकातली. गरीब देशांची कर्जं २००० सालापर्यंत माफ करा, अशी योबेलच्या नावाने चळवळ उभी राहिली. मे १९९८ मध्ये बर्मिंगहॅमला बड्या राष्ट्रांची परिषद भरली तेव्हा सुमारे सत्तर हजार लोकांनी साखळी केली होती. मला ती साखळी लेवीय पुस्तकाच्या जास्त जवळची वाटते. २०३३ बद्दल: प्रभूच्या मरण-पुनरुत्थानाला दोन हजार वर्षं होतील म्हणून आमच्याकडे तेव्हा पुन्हा विशेष पवित्र वर्ष येणं स्वाभाविक आहे, १९३३ आणि १९८३ मध्ये झालं होतं तसं. ते स्मरण. तारखेचं भाकीत वेगळं.

सीनाकाठ | रात्री ९.१०

सगळ्यांचे आभार. आज सुट्टी टाकून नगरला आलेय. सातबारा आणि लोदकर काकांचे प्रतिसाद आईला वाचून दाखवले. तिने कालनिर्णयाच्या जुन्या पानामागे हिशेब मांडला. जसा मांडला तसा देते.

पहिलं: १९१७ ला ५० मिळवले की १९६७. ठीक. दुसरं: बायबलमधल्या दानीएलाच्या पुस्तकातली सत्तर सप्तकं म्हणजे ४९० वर्षं, आणि गटावर हे 'दहा योबेल' म्हणून शिकवलेलं. मग एक योबेल ४९ चं. आई म्हणाली, "एका फळ्यावर पन्नास, दुसऱ्या फळ्यावर एकोणपन्नास? मी पोरांचे मार्क कापले असते." तिने ४९ ने मोजलं: १९१७, १९६६, २०१५. १९६६ मध्ये युद्ध नाही, २०१५ मध्ये राजधानी नाही.

तिसरं: बायबलच्या उत्पत्ती पुस्तकात 'माणसाचे दिवस १२० वर्षं होतील' म्हटलंय, त्याचे १२० योबेल करून ६००० वर्षांत जग संपणार म्हणतात. आयर्लंडचे आर्चबिशप जेम्स अशर यांच्या गणनेनुसार सृष्टी इसवी सनापूर्वी ४००४ ची. तसं धरलं तर ६००० वर्षं १९९७ मध्येच पुरी झाली. यहुदी गणनेने आत्ता ५७८६ चालू आहे, म्हणजे ६००० व्हायला २२४० उजाडेल. आईने पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, "२२४० ला मला काय त्याचं."

मग बराच वेळ गप्प बसली. मी चहा केला.

कर्णानाद | रात्री १०.२२

ताई, तुमच्या आईंना माझा सलाम सांगा. हिशेब पटला. माझा विश्वास हिशेबावर उभा नाही, पण आमच्या गटात असला हिशेब खपवला जातो, हे कबूल. १९८८ मध्ये एडगर व्हिझनंट नावाच्या, पूर्वी नासात काम केलेल्या इंजिनियरने ८८ कारणं देऊन याच कर्ण्यांच्या सणाची तारीख सांगितली होती, ११ ते १३ सप्टेंबर. चुकली, तर लगेच १९८९. माझे वडील तेव्हा तरुण होते. त्यांनी त्या वर्षी पॉलिसीचा हप्ता भरला नाही. पॉलिसी बुडाली, वडील अजून आहेत.

पंचांगवाला | रात्री १०.५०

शमीटाचा किस्सा राहिला. १७ सप्टेंबर २००१ ला अमेरिकेचा शेअर निर्देशांक डाऊ जोन्स ६८४ अंशांनी कोसळला आणि २९ सप्टेंबर २००८ ला ७७७ अंशांनी. दोन्ही दिवस यहुदी तारखेने एलुल महिन्याचे २९, विसाव्याचं वर्ष संपायचा दिवस. हा योगायोग खरंच अंगावर काटा आणणारा आहे, नाकारत नाही. त्यावरून २०१५ च्या एलुल २९ कडे सगळे डोळे लावून बसले. तो आला १३ सप्टेंबरला. रविवार. बाजार बंद!

कोकणी लोदकर | ८ ऑक्टोबर, सकाळी ८.०५ (इस्राएल वेळ)

परत आलो. सीनाकाठ, तुझ्या आईला सांग, तिने काढलेली चूक फार जुनी आहे. पन्नासावं वर्ष वेगळं मोजायचं की तेच पुढच्या चक्राचं पहिलं वर्ष, यावर रब्बी यहुदा आणि इतर विद्वानांचा वाद तल्मूदातच आहे. रब्बी यहुदांच्या मताने चक्र प्रत्यक्षात ४९ चं पडतं. व्हिडिओवाले ज्याला जे सोयीचं ते उचलतात.

आणि आम्ही साधू नाही हेही सांगतो. तल्मूदात एक जागा आहे जिथे संदेष्टा एलिया एका रब्बीला सांगतो की जग किमान ८५ योबेल टिकेल आणि शेवटच्या योबेलात दावीदाचा पुत्र, म्हणजे मशीहा, येईल. ८५ गुणिले ५० म्हणजे सृष्टिवर्ष ४२५०, इसवी सन साधारण ४९०. शेवटचा योबेल ४४० पासून पुढे. आता ऐका. त्याच पाचव्या शतकात क्रीट बेटावर एक माणूस उठला, स्वतःला मोशे म्हणवू लागला, समुद्र दुभंगून तुम्हाला कोरड्या पायांनी वचनदत्त देशात नेतो म्हणाला. लोकांनी घरदार, मालमत्ता सोडली. ठरलेल्या दिवशी कड्यावर उभं करून त्याने सांगितलं, उड्या मारा. मारल्या. कितीतरी बुडाले. काहींना कोळ्यांनी ओढून वाचवलं. मोशे गायब.

तल्मूदात त्या ८५ योबेलच्याच पानावर एक शापही आहे: अंताचा हिशेब करणाऱ्यांची हाडं झडोत. कारण त्यांची वेळ आली आणि मशीहा आला नाही, की लोक म्हणतात, आता तो येणारच नाही.

सातबारा | सकाळी ११.४०

तारखांचा विषय निघालाय तर १८४४ विसरू नका. अमेरिकन धर्मोपदेशक विल्यम मिलर यांच्या अनुयायांनी कराईट, म्हणजे तल्मूद न मानणाऱ्या यहुदी पंथाच्या, पंचांगाचा आधार घेऊन ख्रिस्ताच्या येण्याचा दिवस म्हणून प्रायश्चित्ताचा दिवस २२ ऑक्टोबर काढला. रब्बींच्या पंचांगाने तो त्या वर्षी २३ सप्टेंबरलाच होऊन गेला होता! अमेरिकेत कित्येकांनी पिकं काढलीच नाहीत. न्यू हॅम्पशायरमधल्या एकाने बटाटे जमिनीत तसेच ठेवले, अशी गोष्ट ॲडव्हेंटिस्ट मंडळींत सांगतात. अंत काही आला नाही. पण लवकर काढलेले बटाटे त्या साली सडले आणि याचे उशिरा निघालेले चांगल्या भावाने गेले. पुण्यातल्या ज्या स्पायसर कॉलेजवरून आपण जातो, ते चालवणाऱ्या ॲडव्हेंटिस्ट पंथाची मुळं याच निराशेत आहेत. निराशेतून कॉलेजं निघतात, हेही एक बरंच म्हणायचं.

सीनाकाठ | रात्री ८.३०

काल आईने गटावर ४९ आणि ५० चा प्रश्न टाकला. उत्तर आलं, "बहीण, शंका घेऊ नका." तिने गट सोडला नाही, पण म्यूट केला. रविवारी उपासनेला नेहमीसारखी जाणार आहे.

लोदकर काका, तिचा एक प्रश्न तुमच्यासाठी, तिच्याच शब्दांत: "सणाचं, तारखेचं राहू दे. त्या योबेलमध्ये कुणाला जमीन खरंच परत मिळाली का कधी?" तिच्या वडिलांची जिरायत जमीन सावकाराकडे गेली होती. हे मला आजच कळलं.

कोकणी लोदकर | ९ ऑक्टोबर, सकाळी ७.४० (इस्राएल वेळ)

प्रश्न ऐकून रात्री पुस्तकं काढून बसलो. कायदा आहे, भाव ठरवायची रीत आहे. पण अमक्या साली योबेल झालं आणि अमक्याला शेत मिळालं, अशी एकही गोष्ट पवित्र शास्त्रात नाही. जवळपासचं एकच सापडतं, यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा ३४वा अध्याय. बाबेलचं सैन्य वेढा घालून बसलंय. राजा सिदकीया करार करतो आणि सगळे इब्री दास-दासी मोकळे होतात. मग वेढा थोडा सैल पडतो आणि मालक सोडलेल्या माणसांना पुन्हा धरून आणतात. यिर्मया संतापतो तो त्यावर. थोड्याच काळात शहर पडलं.

तिच्या वडिलांचं ऐकून वाईट वाटलं. माझ्या आजोबांचीही कोकणात घाणी होती, तेलाची. शनिवारी बंद, म्हणून आम्ही शनवार तेली. ती कुणाकडे गेली ते आता सांगणारं कुणी नाही.

निर्मळची पोर | दुपारी २.१५

काका, फार सुंदर लिहिलंत.

अवांतर: एलिया म्हटलं की तुमचा मलिदा आठवतो. आमच्या शेजारच्या एक बेने इस्राएल बाई करायच्या, मी लहान असताना. कसा करतात?

कोकणी लोदकर | दुपारी ३.५० (इस्राएल वेळ)

धागा योग्य मार्गाला लागला! पोहे धुऊन निथळून घ्यायचे, त्यात गूळ किंवा साखर, भरपूर ओलं खोबरं, वेलची, थोडा सुकामेवा. ताटात ढीग लावून भोवती फळं. मग 'एलियाहू हन्नाबी' गायचं आणि आशीर्वाद म्हणून वाटायचं. लग्न ठरलं, नवस फिटला, घर घेतलं, की मलिदा. अलिबागजवळ खंडाळ्याला एलियाच्या रथाच्या खुणा खडकावर दाखवतात, तिथेही नवस फेडायला लोक इथून विमानाने जातात.

सीनाकाठ | रात्री ९.००

आई विचारतेय, पोहे जाड की पातळ? उद्या ती आणि मी पुण्याला निघतोय, त्याआधी काकूंना नेऊन द्यायचाय. किल्ली द्यायचीच आहे, कढीपत्त्यासाठी.

कोकणी लोदकर | रात्री ८.१० (इस्राएल वेळ)

जाड. पातळ घेतलेत तर लगदा होतो.